विचारा तर खरं : एकरंगी फोटोचं जिगसॉ

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धातले उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांच्या कोल्ड हार्बरच्या फोटोचं (जून १८६४, झाडाला हात टेकून उभे, मागे तंबू) १००० तुकड्यांचं जिगसॉ भेट मिळालंय. काठाचे १२५ तुकडे लागले, एक जागा रिकामी आहे. चेहराही लागला. उरलेले सगळे चहाच्या रंगाचे! पुढे कसं जायचं? (डोंबिवली)

उत्तर : तुमचा एक तुकडा खरंच बाकी आहे. डब्यावर १००० छापलेलं असलं तरी आत बऱ्याचदा ३८ × २७, म्हणजे १०२६ तुकडे असतात. मांडणी ती असो वा ४० × २५ची, काठ १२६चाच भरतो. कापणाऱ्या यंत्राचं पातं पूर्ण न उतरल्यामुळे कधी दोन तुकडे चिकटून राहतात. तशी जोडी ढिगात आहे का, ते आधी बघा.

आता चहाचा रंग. इथे रंगावर वाटणी करायचीच नाही, पोतावर करायची. त्या काळी ओल्या कोलोडियनच्या (एक चिकट रसायन) काचेवर फोटो घेत आणि काही सेकंद प्रकाश द्यावा लागे. माणूस श्वास रोखून उभा राही, वाऱ्यावरचं पान मात्र हले. त्यामुळे कुठे रेघ धारदार, कुठे नुसता धूर. झाडाची साल, कोट, जमीन, तंबूचं कापड आणि 'धूर' असे पाच ढीग करा. ताटल्या पुरतात.

सुरुवात सालीने. एरवी प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी फिरवून बघावा लागतो. सालीच्या उभ्या रेघा दिसल्या की दोनच बाजू उरतात. मग कोट : खांद्यावरचे तीन तारे (लेफ्टनंट जनरलची खूण), बटणं, बाहीच्या चुण्या. तंबू शेवटी, कारण तिथे डोळ्यांचा उपयोग संपतो. तिथे आकारावर जा. बाहेर आलेल्या भागाला कान म्हणू, आत गेलेल्याला खाच. समोरासमोर दोन कान, शेजारी-शेजारी दोन कान, तीन, एक, चार आणि बिनकानाचे, अशा सहा रांगा लावा. रिकाम्या जागेला कोणती रांग हवी ते शेजाऱ्यांवरून कळतं, मग त्या रांगेतले तुकडे ओळीने लावून बघायचे. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

एकरंगी चित्रात खरा घात करतो तो 'जवळपास बसणारा' तुकडा. चूक तीन-चार ओळी पुढे उघडी पडते, तोवर पत्ता लागत नाही. टेबललॅम्प आडवा, टेबलाच्या पातळीला धरा. सांध्यावर सावलीची बारीक रेघ उमटली तर तो तुकडा तिथला नाही.

प्रश्न : याच जनरलचा घोड्यावरचा, मागे छावणी असलेला फोटोही जिगसॉमध्ये मिळतो. चेहरा अगदी तोच वाटतो. भास आहे का? (बेळगाव)

उत्तर : भास नाही, चेहरा तोच आहे. 'सिटी पॉइंट' नावाने फिरणारं ते चित्र तीन निगेटिव्ह जोडून केलेलं आहे. डोकं कोल्ड हार्बरच्या फोटोतलं, धड आणि घोडा मेजर जनरल मॅककुक यांचे, आणि मागची माणसं म्हणजे फिशर्स हिलच्या लढाईत पकडलेले शत्रूचे, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांचे कैदी! जोडकाम छायाचित्रकार लेव्हिन हँडी यांचं, १९०२च्या सुमाराचं. जिगसॉ म्हणून घ्यायला हरकत नाही, इतिहासाचा पुरावा म्हणून नको.

प्रश्न : पुरं झालेलं जिगसॉ पावसाळ्यात वरून फेव्हिकॉल लावून चिकटवलं. आता पांढुरके डाग आणि कोपरे वर. (रत्नागिरी)

उत्तर : दमट हवेत पांढरा गोंद नीट सुकत नाही आणि जास्त पाणी पुठ्ठा पितो. डाग उन्हाळ्यात थोडे फिके होतील, कोपरे नाही. पुढच्या वेळी मागून चिकटवा. चित्रावर प्लायवूड ठेवून दोन फळ्यांमध्ये सँडविचसारखं धरून उलटा, तीन भाग गोंदात एक भाग पाणी घालून जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढा, वर खाकी कागद लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

प्रश्न : पणजोबांच्या गणवेशातल्या ४ × ६ इंची फोटोचं जिगसॉ करून घ्यायचंय. (सातारा)

उत्तर : ५०० तुकडे पुरेत, साधारण ३६ × ४९ सेंमी. फोटो अल्बममधून काढून १२०० डीपीआयला स्कॅन करा. काचेवरून मोबाइलने काढलेला चालणार नाही. तुकडा जेमतेम पावणेदोन-दोन सेंमीचा असतो, म्हणून पूर्णाकृती फोटोतला चेहरा चार-पाच तुकड्यांतच संपतो. कमरेपर्यंत कापून घ्या. आणि दुकानदाराला मागची भिंत 'स्वच्छ' करू देऊ नका. जुळवताना त्या सुरकुत्या आणि डागच कामी येतात.