क्रिएटिनिन नॉर्मल असताना ट्रान्सप्लांट झालेल्या किडनीची बायोप्सी कशाला?

तुमच्या बाबांच्या ट्रान्सप्लांटला तीन महिने झालेत, क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) १.१ आहे, लघवी व्यवस्थित होते, तरी डॉक्टर बायोप्सी करू, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू म्हणतायत आणि घरात कुणालाच ते पटत नाहीये. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी हेच झालं होतं. मला आईची किडनी बसवली आहे. तिसऱ्या महिन्यात माझं क्रिएटिनिन १.० होतं. सूज नाही, ताप नाही, भूक उत्तम. "चांगल्या चाललेल्या किडनीला सुई कशाला टोचायची?" असं आईच म्हणाली, आणि किडनी तिचीच होती.

बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे माझं शरीर आईच्या किडनीला परकं समजून तिच्यावर हल्ला करत होतं.

डॉक्टरांनी मला स्क्रीनवर फोटो दाखवला. गुलाबी नळ्या, आणि त्यांच्या भिंतीत घुसलेले गडद जांभळे ठिपके. ते माझ्याच रक्तातले लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. एका नळीच्या छेदात अशा किती पेशी शिरल्यात ते मोजतात: चारपर्यंत असतील तर टी१, पाच ते दहा टी२, त्याहून जास्त टी३. हे मोजमाप बॅन्फ वर्गीकरणातलं आहे. कॅनडातल्या बॅन्फ गावात १९९१ साली तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ते ठरवायला घेतलं. माझ्या रिपोर्टवर टी२ होतं आणि मला काडीचाही त्रास होत नव्हता.

मग क्रिएटिनिन का वाढलं नाही? एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. काही बिघडल्या तर उरलेल्या त्यांचं काम ओढून नेतात, आणि रक्तातला आकडा तसाच राहतो. आकडा हलतो तोवर आत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. या पेशींमुळे किडनीत आलेली सूज औषधाने उतरते. तिच्या जागी एकदा व्रण धरला की ती जागा गेली, ती परत येत नाही. मला तीन दिवस सलाईनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, टॅक्रोलिमसचा (रिजेक्शन रोखणाऱ्या रोजच्या गोळीचा) डोस वाढवला, आणि पुढच्या बायोप्सीत नळ्या स्वच्छ दिसल्या.

खरं तर त्याआधी दोनदा माझी टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल कमी आली होती. म्हणून बाबांच्या गोळ्यांची वेळ चुकू देऊ नका, बारा तासांचं अंतर म्हणजे बारा तासच. लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त द्यायचं, मग गोळी. आणि पपनस घरात आणूच नका. त्याने लेव्हल उलट बाजूला, वर जाते.

बायोप्सीची भीती वाटणं साहजिक आहे. बसवलेली किडनी पोटाच्या खालच्या बाजूला, कातडीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे सोनोग्राफीत बघत बघत सुई घालता येते. जागा बधिर करतात. 'टक्' असा स्टेपलरसारखा आवाज येतो, तोच दचकवतो. मग काही तास उताणं पडून राहायचं. माझ्या प्रत्येक वेळच्या लघवीचा नमुना नर्सताई खिडकीत ओळीने ठेवत होत्या. पहिला फिकट लाल, दुसरा गुलाबीसर, चौथा पाण्यासारखा. आई त्या ओळीकडेच बघत बसली होती. थोडं रक्त येणं नेहमीचं आहे, मोठा रक्तस्राव क्वचित होतो.

सगळे डॉक्टर सरसकट अशी बायोप्सी करत नाहीत, हेही सांगायला हवं. टॅक्रोलिमस आल्यापासून असं छुपं रिजेक्शन कमी झालंय, त्यामुळे प्रत्येकाला सुई टोचावी का यावर त्यांच्यात मतभेद आहेत. म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, बाबांच्या बाबतीत कशामुळे सुचवताय? लेव्हल खाली-वर होतेय का, डोनरच्या किडनीविरुद्ध रक्तात अँटिबॉडी (तिच्यावर हल्ला करणारी प्रथिनं) आहेत का, की त्यांच्याकडे ती सगळ्यांचीच करतात? कारण कळलं की बाबांनाही निर्णय घेणं सोपं जाईल.

आणि बाबा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असतील तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःहून बंद करू नका. कधी थांबवायचं ते तेच सांगतील.