हेपॅटायटिस सी असताना पायांवर जांभळे ठिपके येतात, त्याचा यकृताशी संबंध असतो का?

असू शकतो, पण यकृतापेक्षा त्या विषाणूशी, आणि तसा असेल तर मलमाने भागणार नाही. तुम्ही लिहिलंय की आईंना हेपॅटायटिस सी आहे, संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांवर ठिपके उमटतात, सांधे दुखतात, पण क्रायोग्लोब्युलिनची तपासणी निगेटिव्ह आली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आधी त्या निगेटिव्हबद्दलच बोलते.

हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला की रक्तातल्या बी पेशी सतत चाळवलेल्या राहतात आणि विचित्र प्रतिपिंडं तयार करतात, तीच क्रायोग्लोब्युलिन. ती ३७ अंशांखाली थिजतात, हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं तशी. हीच प्रथिनं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकली की तिथे सूज येते आणि रक्त झिरपून ठिपके दिसतात.

आता गोम अशी की रक्त काढल्यापासून ते गोठून सीरम (गुठळीवर उरणारं पिवळसर पाणी) वेगळं होईपर्यंत नमुना ३७ अंशांवरच हवा. घरी येऊन रक्त घेणाऱ्याने ट्यूब आइसपॅकच्या डब्यात टाकली, तर ही प्रथिनं गुठळीबरोबर खाली बसतात आणि सीरममध्ये शोधायला काही उरतच नाही. पुढे ते सीरम ४ अंशांवर काही दिवस, बहुधा आठवडाभर ठेवून बघतात. दुसऱ्याच दिवशी आलेल्या निगेटिव्हवर मी तरी विसंबणार नाही. लॅबमध्ये स्वतः जा आणि नमुना गरम ठेवायची सोय आहे का, हे आधी विचारा.

सोबत सी४ (रक्तातलं एक संरक्षक प्रथिन) आणि आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात ते प्रतिपिंड) करून घ्या. क्रायोग्लोब्युलिनच्या या आजारात सी४ बहुतेकदा खूप कमी असतं आणि आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो. त्यामुळेच कित्येकांवर संधिवाताचा शिक्का बसतो. लघवीत प्रथिनं किंवा रक्त जातंय का आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, हे मात्र याच आठवड्यात बघा, कारण मूत्रपिंडाला सूज आली तरी दुखत नाही. तळपायांना मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. उलट, नुसतं क्रायोग्लोब्युलिन पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका. हेपॅटायटिस सीच्या बऱ्याच रुग्णांत ते काही त्रास न देता सापडतं.

मूळ उपचार विषाणूवरच. सोफोस्बुव्हिरसोबत डॅक्लाटास्विर किंवा व्हेल्पाटास्विर, साधारण १२ आठवडे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. मूत्रपिंडाला किंवा मज्जातंतूंना झळ पोचली असेल तर बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅबही देतात. विषाणूच्या गोळ्या असोत की रिटुक्सिमॅब, सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, दबून बसलेला हेपॅटायटिस बी उसळू शकतो.