इंदूरला गच्चीवर कुंडीत भांगेचं रोप लावायचंय. काळजी कशी घ्यावी?

ठेक्यावर भांग उघड मिळते, शिवरात्रीला आणि गेरीच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी अर्धं शहर ठंडाई पितं, मग घरी एक कुंडी ठेवली तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारलंय. बिघडतं, आणि बरंच बिघडतं. ठेकेदाराचा परवाना विक्रीचा असतो, त्याचा तुमच्या गच्चीशी संबंध नाही.

1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणूनच भांगेचे ठेके चालतात. लागवडीला मात्र ही पळवाट नाही. तिथे ‘कोणतंही झाड’ असा शब्द आहे, मग ते एक असो की वावरभर. शिक्षा 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. ‘मी फक्त पानं खुडीन’ म्हणाल, पण झाड तुमचं ऐकत नाही. पावसाळा सरून दिवस आखडले की ते आपसूक फुलोऱ्यावर येतं, आणि मादी निघालं तर कुंडीत गांजाच उभा. रोप लहान असताना नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही. कोणी सांगेल, खांडव्याकडे पूर्वी गांजा पिकायचा. पिकायचा, पण इंग्रजांच्या अमलात आणि परवान्यावर. उत्तराखंडात हल्ली परवाने देतात ते धाग्याच्या, नशा जवळजवळ नसलेल्या वाणाला.

तेव्हा काळजी कशी घ्यायची ते मी सांगणार नाही. हौस त्या कातरलेल्या, पंजासारख्या पानांची असेल तर अंबाडी लावा. हिरव्या अंबाडीचं पान इतकं सारखं दिसतं की शेजारी एकदा तरी चौकशीला येतील. फूल आलं की शंका फिटते: फिकट पिवळं, मध्ये गडद लाल, सरळ जास्वंदीच्या घरातलं.

बी मृग बरसल्यावर टाका. आपली माळव्याची काळी माती कुंडीत चिखल धरून बसते, मुळं कुजतात. निम्मी वाळू आणि कंपोस्ट घाला. (इंदूर पद्धतीचं कंपोस्ट जगभर गेलं ते इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनं इथेच 1924 ते 1931 मध्ये केलेल्या कामातून. निदान इंदूरकरांनी तरी खत विकत आणू नये.) ऊन दिवसभर हवं. रोप दीड वीत झालं की शेंडा खुडा, नाहीतर काठीसारखं सरळ वाढत जातं आणि पानं हाताला लागत नाहीत. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क मारा.

कोवळी पानं उकडून पाणी पिळून टाका, तांदळाच्या कण्या घालून शिजवा, वरून लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकरी. अंबाडीसुद्धा दिवस आखडले की फुलते. मग पानं जून होतात, तेव्हा एक-दोन झाडं बियांसाठी ठेवून बाकीची उपटा. देठांना बारीक काटे असतात, हातमोजे घाला.