‘रिझिलियंट सिटी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: संकटे आणि ताण झेलूनही चालू राहणाऱ्या शहराला ‘आपत्तीरोधक’ म्हणावे की ‘लवचिक’?

मला दोन्ही पटत नाहीत. ‘रोधक’ म्हणजे अडवणारे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातला बेन्थेमप्लाइन हा चौक पाहा. २०१३ साली तो खुला झाला. एरवी त्याच्या खोलगट भागात मुले बास्केटबॉल खेळतात. मुसळधार पाऊस झाला की आसपासच्या छपरांवरचे पाणी पन्हळींतून तिथे उतरते. सुमारे १७ लाख लिटर पाणी मावते आणि मग सावकाश निचरा होतो. इथे पाण्याला अडवलेले नाही, जागा करून दिली आहे.

‘लवचिक’ का सुचते, ते समजण्यासारखे आहे. ‘रिझिलियन्स’ या इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन धातूचा अर्थ ‘मागे उसळणे’. १८१८ साली टॉमस ट्रेडगोल्ड यांनी इमारती लाकडाच्या संदर्भात हा इंग्रजी शब्द वापरला. तिथे ‘लवचिक’ चपखल बसेल. पण १९७३ साली परिसंस्थांचे अभ्यासक सी. एस. हॉलिंग यांनी तो वेगळ्या अर्थाने घेतला: हादरे आणि बदल पचवूनही व्यवस्था टिकून राहते का? शहरांना हाच अर्थ हवा. वाहून गेलेली वस्ती त्याच पूररेषेत पुन्हा जशीच्या तशी बांधली, तर शहर पूर्वपदावर येईल. पुढच्या पुरात तेच होईल.

‘शाश्वत’ सुचवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ११व्या शाश्वत विकास ध्येयात शहरे ‘रिझिलियंट’ असणे आणि ‘शाश्वत’ असणे हे दोन्ही गुण वेगवेगळे नोंदले आहेत.

‘चिवट’ मला मनापासून आवडतो, तरी इथे नको वाटतो. तो माणसांना चिकटतो. लोक चिवट आहेत असे कौतुक झाले की नाले, वीज, दवाखाने यांची जबाबदारी नकळत त्यांच्याच सोसण्यावर जाते. ‘आघातसह’ शास्त्रीय लेखात चालेल, पण एक काना जास्त पडला की ‘आघातासह’ होते!

माझी पसंती ‘सावरणे’ला. ‘पडता पडता सावरला’ म्हणजे पडलाच नाही. ‘त्या धक्क्यातून ती सावरली’ म्हणजे कोसळून पुन्हा उभी राहिली. संकटाआधीची तयारी आणि नंतरची उभारी, दोन्ही या एका क्रियापदात आहेत. शिवाय कर्ता विचारता येतो: कोण सावरले, कोण मागे राहिले? मथळ्यात ‘सावरणारे शहर’ लिहा, अहवालात ‘शहराची सावरण्याची क्षमता’.