ह्यूगोच्या साइटवरची जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये कशी तपासावी?

तुमचा प्रश्न: होमस्टेची साइट ह्यूगोवर (साइटची तयार पानं बनवून देणारं साधन) आहे, भाड्याचा हिशेब जावास्क्रिप्ट करते, नोडमधल्या (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चाचण्या पास होतात. मग ब्राउझरमध्ये पुन्हा तपासायची गरज आहे का, आणि ते जोडायचं कसं?

गरज आहे. मी गुहागरला राहतो, इथल्या घरगुती राहण्या-जेवणाच्या साइट करतो. एका साइटवर स्क्रिप्ट खोलीचं भाडं मराठी लोकेलने, म्हणजे मराठीत आकडे लिहायच्या पद्धतीने, '१,५००' असं छापायची आणि एकूण रक्कम काढताना तोच मजकूर पानावरून परत वाचायची. माझ्याकडचं नोड जुनं, १३च्या आधीचं. त्यात मराठी लोकेलची माहितीच नव्हती, त्यामुळे आकडे इंग्रजी यायचे आणि चाचणी हिरवी दिसायची. क्रोममध्ये आकडे देवनागरी झाले. ते जावास्क्रिप्टला संख्या म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून पाहुण्यांना एकूण रकमेच्या जागी 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', असं दिसलं. गणपतीच्या बुकिंगचे दिवस होते, घरमालकीणबाईंना फोनवर काय सांगावं ते सुचेना. आता मूळ आकडा डेटा-अॅट्रिब्यूटमध्ये (पानाच्या कोडमधली न दिसणारी नोंद) वेगळा ठेवतो, पानावरचा फक्त दाखवण्यापुरता.

जोडायचं असं. चाचणीचं एक पान ह्यूगोलाच बनवू द्या. त्याला ड्राफ्ट ठेवा, म्हणजे 'ह्यूगो सर्व्हर'ला ड्राफ्टचा पर्याय दिला की ते दिसेल आणि नेहमीच्या बिल्डमध्ये, म्हणजे साइटची अंतिम पानं बनवताना, येणार नाही. त्या पानाच्या लेआउटमध्ये साइटची खरी स्क्रिप्ट, मोका (चाचण्या चालवणारी लायब्ररी) आणि तुमच्या चाचण्या जोडा. चाचण्यांच्या फाइली 'अॅसेट्स'मध्येच ठेवा. 'स्टॅटिक'मधलं सगळं जसंच्या तसं साइटवर जातं. आणि 'पब्लिक' फोल्डर अधूनमधून रिकामं करा, कारण ह्यूगो जुन्या फाइली आपणहून काढत नाही. मोका सीडीएनवरून (नेटवरच्या सामायिक सर्व्हरवरून) न घेता फोल्डरमध्येच उतरवून ठेवा. जुलैत इथे नेट दोन-दोन दिवस नसतं, पण काम अडत नाही.

पान डबल-क्लिक करून उघडू नका. तसं उघडलं की मॉड्यूल (वेगळ्या फाइलींतून जोडलेले कोडचे भाग) लोड होत नाहीत, लोकलहोस्टवरूनच, म्हणजे 'ह्यूगो सर्व्हर' देतो त्या पत्त्यावरूनच उघडा.

हे जमलं की प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं साधन) घ्या. ते बिल्ड झालेली साइट क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट तिन्हींत उघडून तपासतं. त्यात टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठेवायला विसरू नका. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे बिल्ड झालं तर त्याच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. 'आज खोली रिकामी आहे का' हे ठरवणारा कोड मी म्हणूनच बिल्डमधून काढून ब्राउझरमध्ये नेला, आणि पहिली चाचणी त्याचीच लिहिली.