यॉर्कशायरच्या समुद्राकडं जेवायचं कुठं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साकोली तालुक्यातला रिटायर्ड मास्तर. पोरगा अन् सून इंग्लंडात लीड्सला राहतात, त्यांनी आमचं दोघांचं ऑगस्टचं तिकीट काढलं आहे अन् तिथून व्हिटबी, स्कारबरो असं समुद्राकडं चार दिवस फिरवणार म्हणतात. मला मासोळी लय आवडते, आमच्याकडं तलावाची मासोळी नेहमीच होते. पण आमची मंडळी माळकरी आहे, तिला अंडंसुद्धा चालत नाही, त्यात श्रावण अन् चातुर्मासात कांदा-लसूण बंद. गाईचं तर घरात कोणालाच चालत नाही. पोरगा म्हणते, बाबूजी तिथं सगळं मिळते, पण मला टेन्शन आहे. दोघांना एका टेबलावर बसून जेवता येईल असं काही आहे का?

उत्तर : गुरुजी, तुमचं टेन्शन बरोबर आहे अन् पोराचंही बरोबर आहे. मिळते सगळं, पण विचारावं लागते, अन् काय विचारायचं हे आपल्या लोकांना कोणी सांगून ठेवत नाही म्हणून मी तिथूनच सुरू करते.

त्या किनाऱ्यावर जाल तिथं फिश अँड चिप्सचं दुकान दिसेल. मोठी मासोळी मैद्याच्या पिठात बुडवून तळलेली, सोबत जाड कापलेले आलूचे चिप्स. आता यॉर्कशायरात, म्हणजे लीड्स-व्हिटबी-स्कारबरो येतात त्या उत्तर इंग्लंडातल्या भागात, हे तळायची जुनी रीत आहे बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत. दक्षिण इंग्लंडात बरेच जण तेल वापरतात पण यॉर्कशायरवाल्यांना चवीसाठी चरबीच पाहिजे, अन् बऱ्याच दुकानांत आजही तीच असते. म्हणजे मासोळी सोडा, नुसते चिप्स घेतले तरी ते त्याच चरबीतून निघालेले असतात. आपला माणूस विचार करते की आलूच तर आहे, आलूत काय असणार, अन् खाऊन मोकळा होते. मग कोणीतरी सांगते अन् जीव कसानुसा होते. म्हणून गुरुजी, रांगेत उभं राहायच्या आधी काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारा, "व्हॉट डू यू फ्राय इन?" बीफ ड्रिपिंग म्हणाला तर थँक्यू म्हणून पुढं चला, व्हेजिटेबल ऑइल म्हणाला तर तुमच्यासाठी काम झालं. त्यांना राग येत नाही, रोज कोणी ना कोणी विचारतच असते.

यात अजून एक गोष्ट आहे. तिकडं हॉटेलवाल्यांना १४ प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती गिऱ्हाईकाला द्यावीच लागते, कायदाच आहे, त्यात दूध, अंडं, मासोळी, झिंगे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सोयाबीन असं सगळं येते. लोकांना वाटते की तो तक्ता पाहिला की झालं. पण बीफ त्या १४ मध्ये नाही, कारण ती अ‍ॅलर्जीची गोष्टच नाही. म्हणजे तक्ता पूर्ण खरा असून तुम्हाला पाहिजे ती गोष्ट त्यात नसते. तोंडानं विचारल्याशिवाय इलाज नाही.

तेलात तळणारं दुकान सापडलं तरी वहिनींनी तिथले चिप्स खाऊ नये असं मी म्हणीन, कारण कढई बहुतेक मासोळीचीच असते. काही दुकानांत वेगळी कढई ठेवतात, तेही विचारून घ्या.

तुमच्यासाठी मासोळी कोणती म्हणाल तर तिकडं कॉडपेक्षा हॅडॉक जास्त चालते. काटे काढलेली, साल काढलेली, पांढरी, पदर सुटत जातात तशी. आपल्या मरळ-रोहूचा काटा काढत खाणाऱ्या माणसाला ती एकदम सोपी वाटते अन् तिखट-मसाला काही नसल्यानं पहिल्या घासाला फिकीही वाटेल. पण पहिल्यांदा तशीच खाऊन पाहा, वरून मीठ अन् व्हिनेगर मारून, कारण ताजी तळलेली असली तर आतून वाफ निघते अन् तिला स्वतःची एक गोडसर चव आहे. सोबत मशी पीज मागा, वाळलेले वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवतात अन् शिजवून घोटतात. हे सगळं कागदात घेऊन बाहेर बाकावर बसून खायची तिकडं पद्धत आहे, फक्त सीगल पक्ष्यांकडं लक्ष ठेवा, ते मागून येऊन हातातली मासोळी उचलून नेतात अन् त्यांची चोच चांगलीच लागते.

अन् एक खरी गोष्ट सांगून ठेवते. समोर समुद्र दिसते म्हणून ती हॅडॉक त्याच समुद्रातली असेल असं नाही. इंग्लंडातल्या चिप्सच्या दुकानांत येणारा बराचसा माल नॉर्वे-आइसलँडकडच्या थंड पाण्यातला असते, बोटीवरच बर्फ करून आणलेला. वाईट नाही तो, चांगलाच असते. पण त्या किनाऱ्याचं स्वतःचं खायचं असेल तर खेकडा अन् लॉबस्टर. दक्षिणेला ब्रिडलिंग्टन म्हणून बंदर आहे, लॉबस्टरसाठी ते साऱ्या युरोपात नावाजलेलं, अन् तिथला बहुतेक माल स्पेन-फ्रान्सकडं जाते. व्हिटबीत उन्हाळ्यात खेकड्याचं सँडविच मिळते, खेकड्याचा गाभा काढून ब्रेडमध्ये भरलेला. तलावाकाठच्या माणसानं ते खाल्ल्याशिवाय येऊ नये असं माझं मत आहे.

व्हिटबीतच जुन्या बाजूला, म्हणजे नदीच्या पूर्वेला, जिथून अ‍ॅबीच्या, म्हणजे जुन्या पडक्या ख्रिस्ती मठाच्या, १९९ पायऱ्या चढतात, तिथं हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्सचं धुराचं खोपटं आहे. १८७२ पासून हेच काम. हेरिंग नावाची मासोळी चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून, लाकडाच्या धुरावर टांगतात, त्याला किपर म्हणतात. आतल्या भिंती धुरानं डांबरासारख्या काळ्या झालेल्या अन् वास गल्लीच्या तोंडापासून येते. आपल्याकडं सुकट-सोडे खाणाऱ्याला हा वास परका वाटणार नाही. तिथं बसून जेवायची सोय नाही, विकत घेऊन घरी शिजवायचं. नाहीतर सकाळच्या नाश्त्याला कोणत्या कॅफेत किपर आहे ते पाहा, बऱ्याच ठिकाणी असते. काटे आहेत पण तुम्हाला काट्यांचं काय.

आता वहिनींचं. मेनूवर व्ही लिहिलेलं असलं म्हणजे शाकाहारी, पण त्यांच्या शाकाहारात अंडं धरलेलं आहे. म्हणून वहिनींसाठी व्ही नाही, व्हीगन लिहिलेलं पाहायचं, त्यात अंडं नाही, दूधही नाही, म्हणजे आपोआप चालते. कांदा-लसूण मात्र व्हीगनमध्ये भरपूर असते, ते वेगळं सांगावं लागेल अन् सूप-सॉस तर आधीच करून ठेवलेले असतात, त्यातून काढून कसं देणार. त्यामुळं त्यांच्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं जे वाटते ते जॅकेट पोटॅटो. मूठभर नाही, चांगला दोन मुठींएवढा आलू, सालीसकट भट्टीत भाजलेला, साल कुरकुरीत अन् वाळलेली, मधून चीर दिली की आतला गर फुलून वर येते, त्यात लोणी अन् मीठ. तळण नाही, मासोळीची कढई नाही, कांदा नाही. कॅफेवाल्याला सांगा नुसतं बटर पाहिजे, सलाड वेगळ्या प्लेटमध्ये. हे जवळपास प्रत्येक कॅफेत मिळते अन् श्रावण सोमवारीही चालून जाईल. अन् त्याच कॅफेत तुमच्यासाठी बरेचदा खेकड्याचं सँडविचही मिळते, म्हणजे तुमचं एका टेबलाचं उत्तर हे. चिप्सच्या दुकानापेक्षा कॅफे धरा.

गोडात स्कोन अन् केक दिसतील, त्यात अंडं असू शकते, वरून अंड्याचा हातही फिरवतात, विचारल्याशिवाय वहिनींना नको. चीजमध्येही कधी रेनेट असते, म्हणजे दूध घट्ट करायला घातलेला जनावराच्या पोटातला पदार्थ, पाकिटावर शाकाहारी लिहिलं आहे का बघा. स्कारबरोला बंदरासमोर हार्बर बार म्हणून आइस्क्रीमचं जुनं दुकान आहे, १९४५ चं, आतून सगळं पिवळं-लाल, उंच ग्लासात फळं-आइस्क्रीम थरानं भरून देतात. तिथं संध्याकाळ मस्त जाते, फक्त आइस्क्रीममध्ये अंडं आहे का तेवढं विचारा.

चार दिवस बाहेरच खायचं ठरवू नका. पोराला सांगा हॉटेलची खोली घेण्यापेक्षा किचन असलेलं कॉटेज घे, ऑगस्टमध्ये तिकडं शाळांना सुट्ट्या असतात म्हणून आत्तापासून बुक कर. बॅगेत भगर, साबुदाणा, जवसाची चटणी, पापड न्या. तूप, पेढे, खव्याची बर्फी नेऊ नका, भारतातून दुधाचे अन् मांसाचे पदार्थ तिकडं आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. लोणी-दूध तिकडंच चांगलं मिळते.

इंडियन रेस्टॉरंटही आहेत त्या गावांत. इंग्लंडातली अशी बरीच हॉटेलं मूळ बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी काढलेली आहेत, एखाद्या संध्याकाळी जावं, डाळ-भात पोटाला बरा वाटते. पण कांद्या-लसणाशिवायची भाजी तिथं मिळणं कठीण अन् तिखटही त्यांच्या गिऱ्हाईकाच्या अंदाजानं असते. रोज तिथंच जेवायचं असेल तर मग समुद्रावर गेलात काहून, असं मला प्रामाणिकपणे वाटते. वहिनींना पोटभर जेवू घालायचं तर परत लीड्सला आल्यावर, लीड्स-ब्रॅडफर्डकडं गुजराती लोकांची शाकाहारी हॉटेलं आहेत, पोराला माहीत असतील.

प्रश्न : मी दर्यापूरकडचा, कंपनीच्या कामानं मिडल्सबरोला एक वर्षासाठी आलो, बायको अन् दोन लहान पोरी सोबत आहेत. सुट्टीला समुद्राकडं जातो तर जेवायला बहुतेक पबच दिसतात. आपल्याकडं बारमध्ये बायको-पोरींना घेऊन जायचं म्हणजे लोकं काय म्हणतील, बायको दारातूनच परत फिरते. गेलं तर चालते का?

उत्तर : भाऊ, बिनधास्त जा. तिकडच्या खेड्यात पब म्हणजे गावाची बसायची जागा आहे, आजी-आजोबा येतात, पोरं येतात, कुत्रीसुद्धा येतात, अन् पिणारा कोपऱ्यात आपला पीत बसलेला असते, कोणी कोणाच्या वाटी जात नाही. वहिनींना म्हणा एकदा दुपारी नुसत्या सूप अन् ब्रेडसाठी आत या, दुपारी पब शांत असते. मोठ्या माणसासोबत पोरी चालतात, फक्त रात्री काही ठिकाणी लहान पोरांना थांबू देत नाहीत, दारावर लिहिलेलं असते. टेबलावर येऊन ऑर्डर घेतीलच असं नाही, टेबलाचा नंबर पाहून काउंटरवर जाऊन सांगायचं अन् बरेचदा पैसे तिथंच द्यायचे. दारू घ्यायची बळजबरी नाही. साधं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागते त्यांना, तसा नियम आहे, म्हणून टॅप वॉटर असंच म्हणा नाहीतर बाटलीचं आणून बिलात लावतील.

सगळ्यात जास्त फसगत वेळेची होते. किचन दुपारी दोन-अडीचला बंद, मग संध्याकाळी सहाच्या आसपास सुरू, अन् नऊच्या आत पुन्हा बंद. जून-जुलैत तिकडं रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असते, आपल्याला वाटते अजून संध्याकाळच आहे अन् पोरी किनाऱ्यावर खेळत राहतात, मग गावात एकही चूल पेटलेली सापडत नाही. फोन करून किचन किती वाजेपर्यंत आहे ते विचारून टेबल धरून ठेवा.

तुमच्या मिडल्सबरोहून जवळ स्टेथ्स आहे, खाडीतलं कोळ्यांचं लहान गाव, तिथं कॉड अँड लॉबस्टर नावाचा पब अगदी बंदराच्या कठड्याला लागून आहे. रॉबिन हूड्स बे नावाच्या गावातही उताराच्या अगदी तळाशी पाण्याजवळ पब आहे, बे हॉटेल, पश्चिम किनाऱ्यापासून पायी निघालेले लोकं चालत येऊन तिथं थांबतात. दोन्हीकडं गाडी वर ठेवून उतार पायी उतरावा लागते, पोरींची ढकलगाडी असेल तर परतताना दम निघते. रविवारी रोस्ट असते, भाजलेल्या मांसाचा तुकडा, बरेचदा बीफचा, भाजलेले आलू, उकडलेल्या भाज्या अन् यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे मैदा-अंडं-दुधाचा भट्टीत फुगवलेला पदार्थ, गोड नसते ते. बीफ खात नसाल तर चिकन मागा, अन् आलू-पुडिंग-ग्रेव्ही कोणत्या चरबीत केली तेही विचारा, वर मास्तरांना सांगितलं तेच कारण. अन् मिडल्सबरोत आहात तर पार्मो खाल्लाच असेल, चिकनचा चपटा तुकडा ब्रेडक्रम्समध्ये तळून वर पांढरा सॉस अन् चीज. तिथलाच पदार्थ आहे, पण दोघांत एक घ्या, संपत नाही. पोरींना रेडकारला नेऊन लेमन टॉप द्या, साध्या आइस्क्रीमवर लिंबाचं सरबत गोठवलेलं असते.

प्रश्न : ताई मी आर्वी तालुक्यातली, सप्टेंबरपासून यॉर्कशायरातल्याच हल शहराच्या युनिव्हर्सिटीत एमएस्सीला चालली आहे. शेतीवर कर्ज काढून चालली आहे म्हणून खर्च जपून करायचा आहे. बाहेर स्वस्तात काय खाऊ? मी अंडं खाते, मासोळी-मटण नाही.

उत्तर : बाई, आधी अभिनंदन. हलची एक खास गोष्ट आहे जी बाकी इंग्लंडात क्वचित मिळते, पॅटी. उकडलेला आलू कुस्करून त्यात सेज नावाचा पाला अन् कांदा, गोळा करून पिठात बुडवून तळलेला, आपला आलुबोंडाच म्हण, फक्त बेसन नाही अन् मिरची नाही. पावात घालून देतात, सगळ्यात स्वस्त खाण्यातलं ते एक आहे. अन् चिप्सवर तिकडं लाल मसाला भुरभुरतात, चिप स्पाइस, पॅप्रिका-मिठाचा, तोही हलचाच. तुला तो आवडेल. पण कढईत चरबी आहे की तेल, हा प्रश्न तूही विचारायचा, अन् मासोळीची कढई चालते की नाही ते तुझं तू ठरव.

रोजचं जेवण मात्र घरीच कर. दिवसभर बाहेर असशील तेव्हा सुपरमार्केटात दुपारचं मील डील मिळते, सँडविच, एक खाऊ अन् एक पेय मिळून एका भावात. टू गुड टू गो नावाचं अ‍ॅप टाकून घे, दुकानं-बेकऱ्या दिवसअखेर उरलेलं अन्न कमी पैशात देतात, पण पिशवीत काय असेल ते आधी सांगत नाहीत, म्हणून शाकाहारीवाली पिशवी असेल तीच घे. दुकानाच्या काचेवर हिरवं-काळं स्टिकर असते, शून्य ते ५ आकडा, स्वच्छतेचा. इंग्लंडात ते लावायची सक्ती नाही, म्हणून नसेल तर सरकारी वेबसाइटवर दुकानाचं नाव टाकून पाहता येते. ४ किंवा ५ असेल तिथं खा.

सुट्टीला हलहून ब्रिडलिंग्टन अन् स्कारबरोला सरळ रेल्वे आहे. रेल्वेचं विद्यार्थ्यांचं सवलत कार्ड पहिल्याच आठवड्यात काढ, तिकिटात तिसरा हिस्सा वाचते, अन् त्या दिवशी पोळी-भाजीचा डबा घरून ने, किनाऱ्यावर फक्त चहा अन् आइस्क्रीमचे पैसे लागतील.