बिलाचे आठ वाटे आणि एक अंगठा

प्रश्न नौपाड्यातल्या एका वाचकाचा आहे. दहावीच्या बॅचचे आठ जण घोडबंदर रोडवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये भेटले. त्या दुपारी ग्रुपवर यांनीच मेसेज टाकला होता, 'बिल आठांत समान, चालेल ना?' सहा अंगठे आले. एका मैत्रिणीने मात्र लिहिलं, 'मी पिणार नाही हं, माझं वेगळं धरा.' रात्री बिल आलं 18,800 रुपये. जेवण 9,600, मद्य 6,400, दहा टक्के सर्व्हिस चार्ज 1,600, जीएसटी 560, व्हॅट 640. मॅनेजर सर्व्हिस चार्ज काढेना, 'मेन्यू कार्डावर छापलंय' म्हणाला. यांनी स्वतःच्या कार्डावर सगळं भरलं, वर 400 रुपये रोख टिप ठेवली आणि प्रत्येकाकडे 2,400 मागितले. मैत्रिणीने 1,260 पाठवले. एक मित्र 'मी साडेनऊला आलो, एक पेग आणि आइस्क्रीम' म्हणत काहीच देत नाही. 'त्याच्यावर फसवणुकीची तक्रार करू का?' असं हे विचारतात.

तक्रार करू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा दाखवावा लागतो. तुमचा मित्र चिकट आहे, एवढंच. चौकीतला हवालदार तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल. बॅचच्या मोठ्या ग्रुपवर त्याचं नाव टाकायचा विचारही सोडा. 2,350 रुपयांपायी बदनामीच्या खटल्यात उत्तरं द्यायची हौस कोणाला असेल असं वाटत नाही.

2,400 नाही, 2,350 म्हणालो, कारण तुमच्या आकड्यात तीन वेगवेगळे पैसे कालवले गेले आहेत. सगळा घोळ तिथे आहे.

आधी टिप. ती बक्षिशी आहे. तुम्ही कोणाला न विचारता ठेवलीत, म्हणजे ती तुमची. ज्यांनी प्रत्येकी 50 दिले त्यांनी खुशीने दिले, बाकीच्यांकडे मागता येत नाहीत.

मग बिल. आठ जणांनी एका टेबलावर बसून मागवलं की रेस्टॉरंट पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 43 तेच सांगतं. ज्याने भरलं, त्याला बाकीच्यांकडून वाटा मागता येतो आणि तो वाटा समान धरायचा, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे आपल्याकडे टीटीएमएम हा अपवाद आणि समान कॉन्ट्री हा नियम. मला स्वतःला हे उलटं असावंसं वाटतं, पण कायदा असा आहे.

उशिरा आलेल्या मित्राने अंगठा दिला होता. 'अंगठा म्हणजे नुसतं वाचलं' असं तो म्हणेल. म्हणू दे. त्यानंतर तो येऊन टेबलावर बसला, प्यायला, खाल्लं. प्रस्ताव माहीत असताना तसं वागणं हीसुद्धा संमतीच. तोंडी करार चालतो, इथे तर लेखी आहे. किती वाजता आला याने वाटा कमी होत नाही. तसं हवं होतं तर दुपारीच लिहायचं.

मैत्रिणीने नेमकं तेच लिहिलं. स्वीकार बिनशर्त असेल तरच तो स्वीकार, असं कलम 7 म्हणतं. तिचा मेसेज अट घालणारा होता आणि त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. तेव्हा मद्याचा वाटा तिच्यावर नाही. तिने बिलाच्या फोटोवरून हिशोब केलेला दिसतो: जेवणाचे 1,200 आणि त्यावरचा पाच टक्के जीएसटी 60. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, तोही तिने सोडला. पिणाऱ्यांच्या चकण्याचे पैसे मात्र जेवणात धरून तिने मुकाट भरले आहेत, हे लक्षात असू द्या.

जेवणावरचा सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी धरला तर तिचे 1,386 होतात, म्हणजे 126 कमी आले. ते तिच्याकडे मागू नका. रेस्टॉरंटकडे मागा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावं लागतं, दुसऱ्या नावाने घेता येत नाही, आणि तो बेरजेत धरून जीएसटी लावणंही चालत नाही. रेस्टॉरंट संघटनांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते 28 मार्च 2025 ला फेटाळलं गेलं. पुढे अपील झालं आहे, पण म्हणून मेन्यू कार्डावरची बारीक ओळ कायदा होत नाही.

तेव्हा 1,600 आणि त्यावरचे 80, असे 1,680 रुपये परत मागणारा ईमेल रेस्टॉरंटला पाठवा, बिलाचा फोटो जोडा, मॅनेजरने नकार दिल्याचं लिहा. दाद नाही दिली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही ठाण्यात राहता, तक्रार ठाण्यात चालते, ऑनलाइन दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं.

मित्रावर दिवाणी दावा तीन वर्षांत करता येईल. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मी हे लिहितोय खरं, पण 2,350 रुपयांसाठी कोर्ट नाक्यावर माझ्याकडे येऊ नका, माझी फी त्याहून जास्त होईल. त्याला एकट्याला बिलाचा फोटो, त्याच्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट आणि 2,350 चा क्यूआर पाठवा. टिपचा उल्लेख टाळा, तोच धागा पकडून तो पुन्हा वाद घालेल.

मैत्रिणीने न दिलेले मद्याचे 964 रुपये (2,350 वजा 1,386) उरतात. ते तुम्हा सात पिणाऱ्यांत वाटले तर प्रत्येकी साधारण 138. मागता येतील, मी असतो तर मागितले नसते.

आणि 1,680 परत आले तर ते तुमच्या एकट्याचे नाहीत. मैत्रिणीच्या वाट्याचे 126 बाजूला काढा, बाकीचे तुम्हा सात जणांत समान: सहा मित्रांना प्रत्येकी 222 द्या. उरलेले 348 तुमचे, त्यात मैत्रिणीचे तुम्ही सोसलेले 126 आले. उशिरा आलेल्याने तोवर पैसे दिले नसतील, तर त्याचे 222 त्याच्या 2,350 मधून वळते करून घ्या.